बायकांचा डबा

आमच्या भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, निवृत्तीनंतर माळ्यावर आगगाडी बांधायला घेतली, तेव्हा मंदिरात दोघी-तिघींनी मला गाठून विचारलं, "या वयात खेळणी? आणि एवढा पैसा? हा परिग्रह नाही का हो?" मी म्हटलं, "परिग्रह वस्तूत नसतो बाई, मूर्च्छेत असतो. दहा तोळ्यांच्या पाटल्यांत असू शकतो, तसा इंजिनातही असू शकतो." त्या पाटल्यांकडे बघत गप्प झाल्या. पण मीही तेव्हा गप्पच बसायला हवं होतं, कारण या गाडीनं पुढे मला भलत्याच प्रश्नाशी नेऊन सोडलं. परिग्रहाचा प्रश्न बाजूलाच राहिला, सत्याचा उभा राहिला.

भाऊजींना हा नाद पुण्यात लागला. कोथरूडला कर्वे रोडवर भाऊ जोशी यांनी उभारलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे; 1 एप्रिल 1998 रोजी ते लोकांसाठी उघडलं. दिवे मालवले की तिथल्या इवल्याशा शहरात इवले दिवे लागतात, गाड्या धावतात, सिग्नल पडतात. मोठी माणसंही लहान होऊन बघतात. ते शहर कुठल्याच एका गावाचं नाही, मनातलं आहे. भाऊजींनी मात्र ठरवलं की आपण आपलंच गाव करायचं. बुऱ्हाणपूरचं स्टेशन, साल साधारण 1955. तेव्हा आपण मध्य प्रदेशातच होतो, पण राजधानी नागपूर होती, आणि गाड्या कोळशावर चालत.

प्लायवूडची बारा फूट बाय चार फुटांची फळी. तिच्यावर लालबागचं स्टेशन, बाहेर टांगे, शहराकडे जाणारा रस्ता आणि टोकाला शनवारा दरवाजा. मागच्या भिंतीवर असीरगड रंगवला. मी म्हटलं, "भाऊजी, गड इथून एवढा मोठा कुठे दिसतो?" ते म्हणाले, "वहिनी, मॉडेलमध्ये खोटं बोलावंच लागतं." आणि त्यांनी मला हिशेब समजावला. माप सत्त्याऐंशीला एक. त्या मापानं भुसावळ ते बुऱ्हाणपूर हे चोपन्न किलोमीटरचं अंतर करायचं तर सहाशे मीटर रूळ लागतील. माळ्यावर ते पाच फुटांत उरकतं. या मापाचे रूळ बाजारात मिळतात ते साडेसोळा मिलिमीटर रुंदीचे. ते परदेशातल्या रुळांच्या मापाचे. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची, ती नीट करायची तर एकोणीस मिलिमीटरच्या वर हवी. म्हणजे आपली गाडी तिथे अरुंद रुळांवरच पळते. वळणं तर इतकी तीव्र की खरी मेल तशी वळली तर उलटेल.

ही सगळी खोटी मला खोटी वाटली नाहीत. जागा कमी आहे हे बघणाऱ्यालाही कळतं. नकाशा लहान असतो म्हणून त्याला कोणी लबाड म्हणत नाही.

फलाटावरची माणसं करायचं काम माझ्याकडे आलं. तयार मिळणारी माणसं कोट-हॅटवाली. त्यांना धोतरं रंगवली, बायकांना पातळ कागदाची नऊवारी चिकटवली, काठाला एक-एक दोरा. फलाटाच्या मधोमध काळी टोपी आणि छत्री घेतलेले एक गृहस्थ उभे केले. ते आमचे सासरे. भाऊजींनी तो चेहरा तीनदा रंगवला.

गाडी होती मुंबईहून येणारी मेल. पंजाब मेल 1 जून 1912 ला सुरू झाली आणि आजही आमच्या गावावरून जाते. सुरुवातीला तिचे सहाच डबे. तीन टपालाचे, तीन प्रवाशांचे. बसणारे जेमतेम शहाण्णव, तेही वरच्या वर्गाचे, बहुतेक साहेबलोक. तिसऱ्या वर्गाचे डबे तिला 1930 च्या दशकाच्या मध्यावर लागले. भाऊजींनी पाच डबे केले, एकापेक्षा एक देखणे. खिडक्यांना झडपा, आत दिवे.

उद्घाटनाला सासूबाईंना धरून-धरून माळ्यावर आणलं. वय अठ्ठ्याऐंशी. गाडीनं दोन फेऱ्या मारल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाईंनी विचारलं, "बायकांचा डबा कुठाय?"

भाऊजी म्हणाले, "आई, सगळेच डबे कुठे करणार?"

"तसं नाही रे. तुझे वडील पुढे सेकंडात बसायचे. मी आणि थोरल्या जाऊबाई मागे थर्डात, बायकांच्या डब्यात. नाशिकहून इथवर. बरोबर लेकरं. मी पाणी प्यायचे नाही, कारण मग उतरायचं कुठे आणि गर्दीतून जायचं कसं? गाळलेल्या पाण्याचा तांब्या भरलेलाच घरी यायचा. मधल्या एखाद्या स्टेशनावर ते खिडकीशी येऊन विचारायचे, सगळं ठीक ना? मी म्हणायची, ठीक."

माळ्यावर कोणी बोललं नाही. भाऊजींनी गाडी बंद केली. पुढचे आठ-दहा दिवस ते वर गेलेच नाहीत.

मला त्यांचं दुःख कळत होतं. त्यांचे वडील सज्जन होते. तेव्हाची रीतच तशी होती. घरातल्या कर्त्यानं वरच्या वर्गात बसावं, बायकांनी आपल्या डब्यात. रेल्वेनं तो वेगळा डबा बायकांच्या सोयीसाठीच ठेवला होता आणि पुष्कळ बायकांना त्याचा आधारही होता. मग गेलेल्या माणसाची अशी आठवण नातवंडांसमोर खेळण्यात मांडून कोणाचं भलं होणार? आपल्याकडे सत्यालाही अहिंसेची मर्यादा आहे. ज्यानं दुसऱ्याच्या जिवाला पीडा होते ते वचन खरं असलं तरी सत्य ठरत नाही, असं आपण लहानपणापासून ऐकलेलं आहे. हा मुद्दा मला सहजी खोडता येईना.

पण दशलक्षणात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय ऐकताना मी एका शब्दाशी अडखळले. सत्याणुव्रताच्या पाच अतिचारांत एक आहे न्यासापहार. कोणी आपल्याकडे ठेव ठेवली. पुढे किती ठेवली ते तो विसरला आणि कमी मागायला आला. आपण म्हटलं, "हो, तेवढीच होती, घेऊन जा." तो आनंदानं गेला. त्याच्या लक्षातही आलं नाही. गंमत अशी की हा दोष चोरीच्या यादीत घातलेला नाही, असत्याच्या यादीत घातला आहे. कारण पाप घडलं ते त्या "हो, तेवढीच" मध्ये.

मला वाटलं, नातवंडं आपल्याकडे हेच तर मागायला येतात. "आजी, तेव्हा कसं होतं?" किती ठेव होती ते त्यांना माहीत नाही. पाच सुंदर डबे दिले तर तेवढेच घेऊन खूश होतील. रूळ अडीच-तीन मिलिमीटर अरुंद केले तर कोणाचं काही बुडत नाही. पण गाडीत बसलेली माणसंच गाळली तर आपण म्हटलंच ना, "हो, तेवढीच होती"? आणि गाळली जातात ती नेहमी कोण, हे आपल्या घरातले जुने फोटो बघितले तरी कळेल. पुरुष खुर्चीवर, नावानिशी. मागे उभी असलेली कोण? "ही बहुतेक काकू."

अहिंसेचा प्रश्न तरी उरलाच होता. तो मी सासूबाईंनाच विचारला. "आई, भाऊजींना लागलं हो ते. मामंजींना नावं ठेवल्यासारखं वाटलं."

त्या म्हणाल्या, "मी कुठे त्यांची तक्रार केली? उतरल्यावर सगळं सामान तेच उचलायचे. पण मी त्या गाडीत होते की नव्हते?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला एवढंच कळलं की पीडेचा विचार करताना मी गेलेल्या माणसाची पीडा मोजली, समोर बसलेल्या बाईची मोजलीच नाही. सत्य बोलताना कठोर होऊ नये हे खरं. पण कठोर न होता बोलता येतं, हे त्यांनीच एका वाक्यात दाखवलं होतं. सामान उचलणं आणि सेकंडात बसणं, दोन्ही त्यांनी एकाच माणसाच्या खात्यावर मांडलं आणि पुढे काही मागितलं नाही.

मी हे भाऊजींना जसंच्या तसं सांगितलं. ते ऐकून उठले आणि वर गेले.

सहावा डबा त्यांनी घरच्याच पुठ्ठ्याचा केला. आत लाकडी बाकांसाठी आइसक्रीमच्या काड्या. मी खिडक्यांत बायका बसवल्या, दाटीवाटीनं. एका खिडकीत मोहरीच्या दाण्याएवढा तांब्या. पण गाडी सुरू केली की वळणावर हाच डबा रुळावरून उतरायचा. पुठ्ठा हलका पडत होता. शेवटी भाऊजींनी बाकांखाली लोखंडी वॉशर चिकटवले, तेव्हा तो नीट चालू लागला. सासऱ्यांची मूर्तीही त्यांनी फलाटाच्या मधून काढून मागच्या टोकाला, त्या खिडकीपाशी उभी केली.

आता पाहुणे आले की नातू गाडी चालवून दाखवतो. सगळे डबे सांगतो आणि शेवटच्यापाशी म्हणतो, "हा पणजीचा." मग कोणीतरी विचारतंच, "पणजीचा म्हणजे?" तो धावत खाली जाऊन तिलाच घेऊन येतो.