निरपराध उपद्रवी

परमेश्वराने निर्माण केलेली सृष्टी चांगली आहे, अशी आपली श्रद्धा आहे. परंतु एका चांगल्या प्राण्यामुळे दुसऱ्या चांगल्या प्राण्यांचा नाश होऊ लागला, तर श्रद्धावंताने कोणाची बाजू घ्यावी?

स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील हेब्रिडीज बेटांवर हा प्रश्न मिंक नावाच्या प्राण्यामुळे उभा राहिला. मुंगसासारखा लांबट, गर्द तपकिरी आणि बहुधा हनुवटीवर पांढरा ठिपका असलेला हा प्राणी ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावरील खडकांत खेकडे व मासे शोधतो. त्याचे छायाचित्र घेऊ पाहणाऱ्याला गार वाऱ्यात तासन्‌तास निश्चल बसावे लागते. मिंक क्षणभर खडकावर येतो, ओले अंग झटकतो आणि समुद्रशेवाळात दिसेनासा होतो. त्या क्षणी पाहणाऱ्याच्या मनात निर्माणकर्त्याची स्तुतीच उमटते.

पण मिंक मूळचा उत्तर अमेरिकेचा. त्याच्या मुलायम फरसाठी ब्रिटनमध्ये १९२९ पासून त्याची पैदास होऊ लागली. पिंजऱ्यांतून निसटलेले मिंक रानात वाढत असल्याचे १९५६ साली डेव्हनमध्ये निश्चित झाले. हेब्रिडीजमधील लुईस बेटावरही मिंकपालन होते. तेथून सुटलेल्यांची प्रजा शेजारच्या बेटांवर पसरली. जमिनीवर घरटी करणाऱ्या सुरय पक्ष्यांची अंडी व पिल्ले त्यांच्या भक्ष्यस्थानी पडू लागली. म्हणून २००१ साली सापळे लावून मिंक मारण्याची मोहीम सुरू झाली.

येथे अपराधी कोण? पापासाठी विवेक व इच्छास्वातंत्र्य लागते. मिंकपाशी ते नाही. तो आपल्या स्वभावानुसार भूक भागवतो. त्याला परक्या किनाऱ्यावर आणले ते मनुष्याच्या हौसेने आणि नफ्याने. इंग्लंड व वेल्समध्ये फरसाठी प्राणी पाळण्यावर बंदी घालणारा कायदा २००० साली झाला. तोवर रानातल्या मिंकच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या होत्या.

म्हणून मिंकला जगू द्यावे, असे म्हणणे सोपे आहे. पण मग सुरयाच्या पिल्लांची कैफियत कोणी मांडावी? निष्कारण प्राण्यांना छळणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला बाधक आहे, असे १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात सांगितले आहे. कारण असेल तेथे मारण्याची मुभा त्यातून मिळते. द्वेषाची मात्र मिळत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जीवाला परमेश्वरासमोर स्वतःचे मोल असल्याचे शिकविले. हे मोल सापळ्यात सापडलेल्या मिंकलाही आहे.

छायाचित्रकार मिंकचे सौंदर्य घेतो आणि कातडे त्याच्याच अंगावर राहू देतो. एवढ्याने सुरय वाचत नाहीत, हे खरे. सापळे लावावेच लागतात. परंतु ज्याने मिंकला मन लावून पाहिले, तो त्याच्या मृत्यूला विजय म्हणणार नाही. आपल्याच पूर्वजांच्या लोभाचे ऋण एक मुका जीव फेडतो आहे, हे तो ओळखील. अशा हत्येनंतर माणसाला शोभते ते प्रायश्चित्त, आणि पुन्हा कोणताही जीव केवळ हौसेसाठी पिंजऱ्यात न घालण्याचा निर्धार.