शुश्रूषेची पूर्वतयारी

परिचारिकांच्या शाळेत मुलीचे नाव दाखल झाले, वर्ग भरण्यास अवकाश आहे. तोवर तिने काय करावे, असे आईबाप विचारतात. गणित घोटावे हे खरेच. दशांशचिन्ह एक घर चुकले की औषधाची मात्रा दसपट होते! परंतु नाइटिंगेलबाईंनी १८६० साली लंडनात शाळा काढिली, त्यापूर्वी १८५१ साली जर्मनीतील कैसर्सवर्थ येथे त्या स्वतः रोग्यांजवळ राहून शिकल्या. कित्येकींच्या घरीच आजी अंथरुणास खिळलेली असते. तिचे अंग पुसणे हा केवळ सराव समजावा काय? आम्हांस ते रुचत नाही. किळस येणे पाप नव्हे. मात्र ती तोंडावर दिसली की आजारी माणूस पाणी मागावयासही लाजते. ओला फडका लावण्यापूर्वी आजीस विचारावे, आणि तिचे उत्तर येईपर्यंत हात आवरावा.