चूकभूल द्यावी घ्यावी

जुन्या वळणाच्या पावतीवर, बेरजेच्याही खाली, अगदी तळाशी काही तुटक अक्षरे असतात : चू. भू. द्या. घ्या. प्रथमच पाहणाऱ्याला तो एखादा बीजमंत्र वाटावा. त्याचा उलगडा केला की वाक्य होते, ‘चूकभूल द्यावी घ्यावी’. व्यापाराच्या रोखठोक भाषेत इतके सभ्य वाक्य दुसरे क्वचितच सापडेल. सारे आकडे मांडून, बेरीज-वजाबाकी करून झाल्यावर लिहिणारा नम्रपणे म्हणतो, ‘बाबा, तुमच्याकडून जास्त घेतले गेले असेल तर परत न्या, कमी घेतले गेले असेल तर आणून द्या.’ हिशोब पुरा होतो, पण दार उघडे राहते.

या ओळीची आठवण यंदा विशेष होण्याचे कारण असे की, हिशोब लिहिणाराच आता बदलला आहे.

आमचे रेणापूर हे लातूरच्या सावलीतले तालुक्याचे गाव. रेणुकामातेचे देऊळ, रेणा नदी, आणि दसरा सरला की घरोघर सोयाबीनच्या राशी. हरभरा आणि तूर पुढे येतात. माझ्या पुतण्याचे इथे आडतीचे छोटेसे दुकान आहे. पूर्वी अशा दुकानात दिवाळीच्या तोंडावर मुनीम रात्र-रात्र बसे. कीर्दीवरून खतावणी करायची, कोणाची उचल किती, हमाली-तोलाई किती, बारदान्याचे काय झाले, हे जुळवता जुळवता बिचाऱ्याची नरकचतुर्दशी उजाडे. आता पुतण्या हस्ताक्षरातल्या पट्टीवर मोबाइल धरतो; क्षणात ती वाचली जाते, आकडे आपापल्या रकान्यात बसतात. लातूरच्या डाळमिलला पाठवायचे पत्र यंत्रच लिहिते, तेही पुतण्यापेक्षा शुद्ध मराठीत! रात्री तो विचारतो, ‘तीन महिन्यांवर कोणाची बाकी थकली आहे?’ आणि यंत्र यादी हजर करते. लक्ष्मीपूजनाला पाटावर तांबड्या वहीशेजारी लॅपटॉप ठेवून त्यालाही हळदकुंकू वाहायची पद्धत आता रुळली आहे. वाहावे. ज्याच्या बळावर दुकान चालते त्याची पूजा करण्यात गैर काय?

बदलाला भिण्याची आमच्या भागाला सवयच नाही. निजामाच्या राज्यात इथल्या मुनिमाला दोन नाण्यांचा हिशोब ठेवावा लागे. सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार, हे त्याला झोपेतही पाठ असे. १९४८ मध्ये संस्थान गेले, मागोमाग हाली सिक्काही गेला. १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. मग शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. पुढे गणकयंत्र आले, संगणक आला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. मुनीम दर वेळी कुरकुरला आणि दर वेळी शिकला. मग या नव्या कृत्रिम बुद्धिमत्तेचेच एवढे काय, असे कोणी विचारील.

फरक आहे, आणि तो बारीक आहे. आजवरची साधने मोजत होती; ठरवीत नव्हती. तराजू वजन सांगे, गणकयंत्र बेरीज करी. कोणता आकडा घालायचा ते माणूस ठरवी. आपल्या देवनागरीतले एक आणि नऊ घाईच्या अक्षरात किती सारखे दिसतात! शाई फुटलेल्या पट्टीवर ‘११ कट्टे’ लिहिले आहे की ‘१९ कट्टे’, असा प्रश्न पडला की मुनीम थांबे. चष्मा वर करी, समासात पेन्सिलीने बारीक फुली मारी आणि हमालाला हाक घाली, ‘अरे, त्यांचे अकरा होते का एकोणीस?’ त्या थांबण्यातच अर्धा प्रामाणिकपणा होता. नवे यंत्र अफाट लेखन पचवून शिकलेले असते. कशानंतर काय येण्याचा संभव अधिक, याचा अंदाज बांधून ते उत्तर घडवते. अंदाज बहुधा बरोबर येतो. पण जेथे चुकतो तेथेही त्याचा स्वर तोच, अक्षर तेच, आत्मविश्वास तोच. अकराचे एकोणीस होतात आणि समासात फुली नसते.

तरीही मला यंत्राच्या चुकीचे भय फारसे वाटत नाही. चूक झाल्यावर आपण काय करतो, त्याचे वाटते. कोणत्याही खिडकीपुढे रांगेत उभे राहिलेल्या माणसाच्या कानावर एक वाक्य हमखास येते, ‘सिस्टीम घेत नाही.’ नाव चुकलेले दिसते आहे, माणूस समोर उभा आहे, हातात कागद आहे. पण सिस्टीम घेत नाही. आपल्या पूर्वजांनी पावतीखाली ‘घ्यावी’ असे लिहिले. आपण काचेआडून ‘घेत नाही’ असे म्हणू लागलो. आणि हे सारे आता शेताच्या बांधापर्यंत येते आहे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी आपल्या पिकाची नोंद मोबाइलवर करू लागला. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याचे धोरण मंजूर केले. उद्या एखाद्या छायाचित्रावरून यंत्राने तुरीला सोयाबीन ठरवले आणि त्यावर कोणाची भरपाई अडली, तर त्या शेतकऱ्याने कोणाच्या दारात जावे?

हा प्रश्न कल्पनेतला नाही. इंग्लंडच्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ नावाची हिशोबाची संगणक-प्रणाली बसवली. ती आजच्या यंत्रांसारखी हुशारही नव्हती. पण तिच्यात दोष होते. गल्ल्यात नसलेली तूट ती दाखवी. गावोगावची टपाल कार्यालये चालवणारी साधी माणसे म्हणत, ‘आम्ही पैसे घेतले नाहीत.’ अनेकांना सांगण्यात आले की, असे फक्त तुमच्याकडेच होते आहे. न्यायालयांनीही यंत्राच्या आकड्यावर विश्वास ठेवला. नऊशेहून अधिक माणसे दोषी ठरली; कित्येकांनी घरे विकून ती खोटी तूट भरली, काही तुरुंगात गेली. अखेर २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून त्यांच्यावरील डाग पुसावा लागला. पंचवीस वर्षे लागली ‘चूकभूल घ्यावी’ म्हणायला!

दुसरी हकीकत कॅनडातली. एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील बोलक्या यंत्राने एका प्रवाशाला सांगितले की, घरच्या मृत्यूमुळे प्रवास करावा लागल्यास सवलत नंतरही मागता येते. ते चुकीचे होते. प्रवाशाने पैसे मागितल्यावर कंपनीने युक्तिवाद केला तो असा की, ते यंत्र आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे! फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियातील न्यायाधिकरणाने हे म्हणणे फेटाळले आणि कंपनीला भरपाई द्यायला लावली. दुकान तुमचे, पाटी तुमची, नफा तुमचा. मग चूक तेवढी नोकराची कशी, एवढाच त्या निकालाचा अर्थ.

माझ्या या बोलण्यावर पुतण्या हसून म्हणाला, ‘काका, तुम्ही जुन्या वहीची फार आरती करता. माणसांनी कमी घोळ घातले का? आणि चुकून घातलेले सोडा, मुद्दाम घातलेले किती!’ हे म्हणणे खरेच आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यात सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे काढून जाळले, ते त्या वह्यांत सद्भावना भरून राहिली होती म्हणून नव्हे. ज्याला अक्षर येत नव्हते त्याने कशावर अंगठा उठवला हे त्याला कधीच कळत नसे. आज तोच शेतकरी आपली पट्टी मोबाइलपुढे धरून ती मराठीत वाचून घेऊ शकतो. तोलाई दोनदा कापली असेल तर यंत्रच त्याला सांगेल. हा मोठाच उपकार आहे, आणि त्याकडे डोळेझाक करणे हा अन्याय होईल. मात्र सुप्याच्या लोकांना एक गोष्ट ठाऊक होती : वही कोणाची आहे ती. पुढच्या काळातल्या खोट्या हिशोबाला निदान एवढा तरी पत्ता असावा.

आणखी एक गोष्ट मनात येते. आपल्या पैठणच्या एकनाथांची कथा घरोघर माहीत आहे. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडे हिशोब पाहताना एका पैची चूक सापडेना, म्हणून ते रात्रभर बसले. सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या पिटल्या. एवढ्याशा चुकीच्या शोधाने इतका आनंद, तर जन्माची चूक शोधलीस तर किती होईल, असे गुरूंनी त्यांना सुचवले. यंत्राने ती पै निमिषात शोधली असती. पण ती टाळी कोणी वाजवली असती? बी.कॉम. होऊन गावातच नोंदी टंकण्याचे काम करणारी मुलेमुली अशाच पैच्या मागे लागून हिशोबात मुरतात. ते काम यंत्राने घेतले तर त्यांच्या पोटाचा प्रश्न तर आहेच. शिवाय उद्या यंत्राची चूक ओळखणारा डोळा कोठे तयार होणार, हाही आहे. म्हणून मला वाटते, यंत्राने लिहावे, पण रोजच्या काही पट्ट्या तरी माणसाने हाताने ताडून पाहाव्यात, आणि तेवढ्यासाठी माणूस ठेवावा. तो खर्च दुकानाने सोसावा. यंत्रामुळे वाचलेल्या पैशातूनच तो भागेल.

‘द्यावी’ आणि ‘घ्यावी’ ही क्रियापदे देणारा-घेणारा असल्याखेरीज चालत नाहीत. यंत्राला परत द्यायला खिसा नाही आणि मान खाली घालायला मानही नाही. तेव्हा ती ओळ त्याच्या नावे लिहिता येणार नाही. ती आपल्यालाच आपल्या नावाने लिहावी लागेल. पुतण्याला मी एवढेच सुचवले की, पाडव्यापासून यंत्रातून निघणाऱ्या प्रत्येक पट्टीखाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ छापावे, आणि पुढे स्वतःचे नाव घालावे. दुकानाचे नव्हे, स्वतःचे.

तो जरा घोटाळला. ‘आणि उद्या सगळेच विचारायला आले तर?’

आले तर सतरंजी अंथरावी, चहा सांगावा, आणि वही उघडावी.