दुपारचं राहिलेलं

मे महिन्यात चंद्रपूरची सकाळ सहाला सुरू होते आणि नऊला संपते. नंतर उरतं ते ऊन. पारा 45-46 कडे सरकतो, दारं-खिडक्या लागतात, कूलर सुरू होतो. तिकडे गडचिरोलीच्या गावांत तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. माणसं पहाटेच जंगलात शिरतात, ऊन तापायच्या आत परततात, सावलीत बसून पुडे बांधतात आणि फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन देतात. त्यांचं खाणं कामाच्या वेळांना बांधलेलं. कूलरसमोर बसलेल्याला तशी कुठलीच वेळ नसते. सुटीत वसतिगृहातून घरी आलेली मुलगी तीनला शेवेचा डबा उघडते, साडेतीनला पुन्हा उघडते.

एरवी यात लिहिण्यासारखं काही नाही. कंटाळा आला की तोंडात काहीतरी टाकायचं, ही माणसाची जुनी खोड. घरात उडदाचे पापड लाटायला घेतले की निम्म्या लाट्या पोरांच्या पोटात जातात, त्याला कुणी आजार म्हणत नाही. पण ही मुलगी खाण्याच्या विकारातून नुकती उठलेली असेल, महिनोन्‌महिने स्वतःला उपाशी ठेवून किंवा खाल्लेलं उलटून काढून कशीबशी पुन्हा ताटावर आलेली असेल, तर त्या चार मुठी शेवेचा तिच्या डोक्यात खटला चालतो. आरोपी तीच, न्यायाधीशही तीच. शिक्षा ठरलेली: रात्रीचं जेवण बंद, उद्याचा नाश्ता बंद.

या दोन जिल्ह्यांत हा विषय काढताना जीभ जराशी अडखळते, हे खरं. इथे भूक म्हटलं की कुपोषण आठवतं, आणि ते आठवायलाच हवं. त्यामुळे ‘जास्त खाल्लं जातं’ असं म्हणणाऱ्याला लोक हसतात, फार तर ‘भस्म्या झाला का?’ म्हणून विचारतात. हे श्रीमंतांच्या पोरींचे चोचले, असाही एक शेरा असतो. तो चुकीचा आहे. हा विकार घराची मिळकत विचारून येत नाही, मुलग्यांनाही सोडत नाही, आणि हसण्याच्या धाकानं लपवला की अधिकच मुरतो.

मला म्हणायचं आहे ते एवढंच की, ज्याला आपण कंटाळ्याचं खाणं म्हणतो, ते पुष्कळदा दुपारचं राहिलेलं जेवण असतं. आमच्याकडच्या उन्हात बाराला भूक मरते. घोटभर ताक प्यायचं आणि आडवं व्हायचं. संध्याकाळी अंगण शिंपडलं, जरा वारा सुटला, की शरीर आपली वसुली काढतं. आठ-नऊला खा-खा सुटते आणि नाव मात्र कंटाळ्याचं होतं. इतरांचं त्यात काही बिघडत नाही. ज्याच्या शरीरानं लांबलचक उपासमार सोसली आहे, त्याची वसुली मोठी असते.

याचा एक पुरावा अमेरिकेतला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञानं 36 धडधाकट तरुणांना त्यांच्या संमतीनं सहा महिने अर्धपोटी ठेवलं. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले हे तरुण होते; युद्धानं उपाशी पडलेल्या लोकांना पुन्हा जेवतं कसं करायचं, हे समजून घेण्यासाठी स्वतःहून पुढे आलेले. हळूहळू त्यांच्या बोलण्यात दुसरा विषयच उरला नाही. काही जण पाककृतींची पुस्तकं वाचत बसत, काही दिवसभर च्युइंगम चघळत. खरी गोष्ट पुढची आहे. जेवण पुन्हा मिळू लागलं, तरी भूक लगेच ताळ्यावर आली नाही. पोट तुडुंब भरलेलं असतानाही भूक लागल्याची तक्रार काही जण करत, आणि हे आठवडे, महिने चाललं. यातल्या कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. जिभेचे लाड, दुबळं मन, संस्कार कमी पडले, असलं काही त्यांच्यावर लादता येत नाही. उपाशी ठेवलेलं शरीर असंच वागतं.

म्हणून या विकारावरच्या उपचारांत पहिली पायरी खाणं आवरण्याची नसतेच. ऑक्सफर्डच्या ख्रिस्तोफर फेअरबर्न या मानसोपचारतज्ज्ञांनी रुळवलेल्या पद्धतीत आधी वेळा बांधतात: तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, आणि दोन खाण्यांमध्ये शक्यतो चार तासांहून मोठी फट नाही. भूक लागो न लागो. ज्याची भूक-तृप्तीची जाण अजून जागेवर आलेली नाही, त्यानं काही काळ घड्याळाचं ऐकायचं. काल रात्री डबा रिकामा झाला असेल तरी आज सकाळचे पोहे खायचेच, नेहमीएवढे. कालची भरपाई म्हणून ते टाळले, तर आजच्या रात्रीची सोय आत्ताच झाली म्हणून समजा. ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ ही म्हण आपण चेष्टेत वापरतो, पण क्रम तिनं अचूक सांगितला आहे: आधी एकादशी, मग दुप्पट. विकारातून उठलेल्यानं उपासतापास बाजूला ठेवावेत, आणि घरच्या वडीलधाऱ्यांनी ते आपणहून सांगावं. देव काही रागावत नाही.

आता निखळ कंटाळा. तोही असतोच. दोन वाजता ताट भरून जेवण झालं आहे आणि तीनला हात डब्याकडे गेला, तर तो कंटाळाच. त्यालाही शत्रू मानू नये. शेव ताटलीत काढून, बसून, जमलं तर कुणाशी बोलत खावी. घरातून शेव हद्दपार केली की डोक्यात शेवच घोळत राहते. आणि कंटाळ्याचा इलाज स्वयंपाकघरात नाही. तो माणसांत असतो, हाताच्या कामात असतो. उन्हाळ्याच्या दुपारी आमच्याकडे ही दोन्ही नेमकी दुर्मीळ.

या जिल्ह्यांनी कंटाळ्यावर काढलेला तोडगा मात्र भयंकर आहे: खर्रा. पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना घोटायचा आणि गालात धरून दुपार काढायची. त्याविरुद्ध गडचिरोलीत 2016 पासून ‘मुक्तिपथ’ हे अभियान झगडतं आहे. तंबाखूनं भूक मरते, हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. विकारातून उठलेल्या मुला-मुलीच्या हाती भूक मारायचं इतकं स्वस्त साधन पानठेल्यावर टांगलेलं असतं, त्याची मला शेवेहून कितीतरी जास्त धास्ती वाटते.

मेमध्ये लग्नसराईही असते. मांडवात भेटलेली मावशी कौतुकानं म्हणते, “आता बरी भरली वं पोरगी!” तिच्या मनात काही नसतं. पण ते वाक्य ऐकून पोरगी पंगतीतून उठू शकते. अंगाबद्दल चांगलंही बोलू नये. तिच्या परीक्षेचं विचारावं, नव्या सायकलचं विचारावं.

चोरून खाणं, थांबवताच न येणं, नंतर उलटी काढणं किंवा दोन दिवस उपाशी राहणं हे पुन्हा सुरू झालं असेल, तर घरगुती शहाणपण तिथे पुरत नाही. आधीच्या डॉक्टरांना कळवायचं. ते नागपुरात असतील आणि जाणं लांबत असेल, तर केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ सेवा 2022 पासून आहे: 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही. अहेरी-भामरागडकडे रेंज मिळेल तिथून फोन लावायचा. फोन उचलणाऱ्याला आधी शेवेचं सांगितलं तरी चालतं, मोठं काही सांगायला हवं असं नाही.