खैराचं वाकडं मूळ

विड्यात आपण कात घालतो, तो खैराचा. त्याच खैराचं मूळ म्यानमारमध्ये वीणेची मान होतं.

तिकडच्या या कमानदार वीणेचं नाव साउंग. तिच्या मानेसाठी कारागीर सरळसोट लाकडाकडे बघतसुद्धा नाही. मातीत वाढतानाच कमानीसारखं वळलेलं मूळ त्याला हवं असतं. आपण वाकडं लाकूड चुलीत सारतो!

वीणेचं पोट पडौकचं. हे झाड आपल्या बिवळ्याच्या गोतातलं. ठोकळा होडीसारखा कोरायचा आणि वर हरणाचं कातडं ताणायचं. त्याला चार भोकं, आवाजासाठी. तारा सोळा, पूर्वी रेशमाच्या, आता बहुधा नायलॉनच्या. जुन्या पद्धतीच्या साउंगला खुंट्याच नाहीत. तारा लाल सुती दोऱ्यांनी मानेला बांधलेल्या. सूर लावायचा म्हणजे ते दोरे पिळत, सरकवत बसायचं. घाईच्या माणसाचं ते काम नव्हे.

समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा असंच वाद्य वाजवताना दिसतो. आपल्याकडे ते मागे पडलं. म्यानमारमध्ये अजून वाजतं. भाज्याच्या लेण्यांत गेलात, तर विहाराच्या ओसरीतल्या शिल्पात कमानदार वीणा तेवढी शोधा.