गिधाडाचे देणे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या खेड्यांतील वडीलधाऱ्या माणसांना विचारा. म्हातारा बैल मेला की त्याला ओढत गावाबाहेरच्या पडीत जागेवर नेऊन टाकीत. थोड्याच वेळात आभाळात घिरट्या दिसू लागत आणि संध्याकाळपर्यंत तेथे हाडांचा सापळा तेवढा उरे. कोणी बोलावले नाही, कोणी मजुरी दिली नाही. आज तेच जनावर तेथे दिवसेंदिवस कुजत पडते आणि त्याच्याभोवती कुत्री जमतात.

गिधाडे कोठे गेली, हे 2004 मध्ये उघड झाले. गुराच्या सांधेदुखीवर, तापावर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक टोचले जाई. असे औषध अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडाने ते खाल्ले की त्याचे मूत्रपिंड निकामी होई आणि काही दिवसांतच ते मरे. 1990 च्या दशकापासून पुढील पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी 99 टक्क्यांहून अधिक नाहीशी झाली. हा पक्षी वर्षाला एकच अंडे घालतो, तेव्हा ही तूट किती पिढ्यांत भरून येईल याचा हिशेब आपणच करावा.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो आणि तो वाटतो तितका सोपा नाही. सुई टोचणाऱ्या शेतकऱ्याने काय गुन्हा केला? त्याने तर आपल्या बैलाच्या वेदना कमी केल्या. मुक्या जनावरावरील दयेला आपल्या धर्मात मोठे स्थान आहे. तहानलेल्या कुत्र्याला आपल्या पायताणात पाणी भरून पाजणाऱ्या माणसाची हदीस आपण मुलांना सांगतो. कर्मांचा आधार नीयतीवर आहे, हेही आपण जाणतो. मग त्या शेतकऱ्याकडे बोट कसे दाखवावे?

बोट दाखवू नये, हे खरे. पण शरीअतने पाप आणि भरपाई या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. सूरह अन्-निसाच्या 92 व्या आयतीत चुकून झालेल्या मनुष्यवधाचा विचार आला आहे. मारण्याचा हेतू नव्हता, तरीही मृताच्या वारसांना दियत द्यावी लागते आणि कफ्फाराही करावा लागतो. झोपेत कूस बदलताना एखाद्याकडून दुसऱ्याचे भांडे फुटले तर त्याला गुन्हेगार कोणी म्हणत नाही, पण फुकहा त्याच्याकडून भांड्याची किंमत मागतात. अजाणतेपणामुळे गुन्हा माफ होतो, देणे माफ होत नाही.

हे तत्त्व गिधाडाला लावले तर वन्यजीवांसाठी केलेल्या स्वयंसेवेचा अर्थच पालटतो. आपण तिच्याकडे उपकार म्हणून पाहतो. फावल्या वेळात केलेले, फोटो काढून मिरवण्यासारखे एखादे सत्कार्य! वास्तविक ती थकलेल्या देण्याची फेड आहे.

देणे कोणाचे, असे कोणी विचारील. गिधाडाचा वारस कोण? सूरह अल-अनआमच्या 38 व्या आयतीचा आशय आठवावा: जमिनीवर चालणारे प्राणी आणि पंखांनी उडणारे पक्षी हेही तुमच्यासारखेच समुदाय आहेत आणि शेवटी ते आपल्या पालनकर्त्याकडेच एकत्र केले जाणार आहेत. सातव्या हिजरी शतकातील विद्वान इमाम इज्जुद्दीन इब्ने अब्दुस्सलाम यांनी तर मनुष्यावरील जनावरांचे हक्कच मांडून ठेवले. जनावर म्हातारे झाले, निरुपयोगी झाले, तरी त्याचा खर्च मालकाने सोसावा, असे त्यांनी लिहिले. आणि गिधाड निरुपयोगी तरी कोठे होते? गिधाडे गेल्यानंतरच्या पाच वर्षांत देशात सुमारे पाच लाख माणसे अधिक मेली, असा अंदाज दोन अर्थतज्ज्ञांनी 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मांडला आहे. कुजणारी जनावरे, दूषित पाणी, वाढलेली कुत्री आणि त्यांचा रेबीज, अशी ती साखळी आहे.

गडचिरोलीत ही फेड सुरू आहे. वनविभागाने तेथे ‘गिधाड उपाहारगृहे’ उभारली आणि गावोगावचे तरुण ‘गिधाडमित्र’ झाले. गावात जनावर मेल्याची खबर देणे, ते औषधमुक्त आहे याची खात्री करणे, उंच झाडांवरील घरट्यांवर नजर ठेवणे, असे हे काम आहे. त्यात दुर्गंधी आहे, शोभा काहीच नाही. आपल्यापैकी काहींना मुर्दाराशी संबंधच नको वाटेल. त्यांनी मैमूना (रजि.) यांच्या आश्रितेच्या मेलेल्या बकरीची हदीस पाहावी. तिचे कातडे का वापरले नाही, असे आदरणीय प्रेषितांनी (स.) विचारले. ती मुर्दार आहे, असे उत्तर येताच, हराम आहे ते तिचे खाणे, असे त्यांनी स्पष्ट केले. विक्रीची गोष्ट वेगळी, मुर्दाराचा पैसा घेण्याची मनाई आहे. बाकी तपशील आपल्या उलमांना विचारावेत.

आता वाघाचा प्रश्न. तो टाळून जंगलाविषयी लिहिणे हा अप्रामाणिकपणा होईल. मोहफुले वेचताना, तेंदूपाने तोडताना चंद्रपूरच्या गावांतील माणसे दरवर्षी प्राणांस मुकतात. त्यांना शहरातून येऊन ‘वाघ वाचवा’ सांगण्याचा अधिकार आपल्याला आहे का? माझे उत्तर नाही असे आहे. इस्लाम या बाबतीत भाबडा नाही. इहरामच्या अवस्थेतही ज्या पाच उपद्रवी जीवांना मारण्याची मुभा हदीसमध्ये आहे, त्यांत चावरे कुत्रे आहे, आणि अनेक फुकहांनी हल्ला करणारी श्वापदे त्याच अर्थात धरली. माणसाचा जीव आधी. पण माणसाचा जीव वाचविण्याचे कामही स्वयंसेवकच करीत आहेत. ताडोबाभोवतीच्या गावांत प्राथमिक प्रतिसाद दलांचे तरुण आहेत. वाघ गावाजवळ आला की ते जमाव आवरतात, लोकांना मागे हटवतात. बिथरलेली गर्दी आणि कोंडलेला वाघ यांच्यामध्ये उभे राहणे ही सोपी गोष्ट नाही. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तेथे जंगलाचे निर्णय ग्रामसभा सर्वसहमतीने घेते. जंगल राखणारे हे लोक आपल्या वाट्याचेही काम करीत आहेत.

फर्जे किफायाचा नियम आपण जनाजाच्या नमाजपुरता लक्षात ठेवला आहे. काहींनी केले तर सर्वांची सुटका, कोणीच न केले तर सर्व दोषी. पण ‘काहींनी’ म्हणजे पुरेशा लोकांनी, हे आपण सोयीने विसरतो. चार-दोन गिधाडमित्र एका जिल्ह्याला पुरत नाहीत. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, वडसा येथील आपल्या घरांतून त्यांच्यात कोण आहे? आणि ज्यांना जंगलात जाणे शक्य नाही, त्यांच्याही हाती काही आहे. आपल्यात शेळ्या-म्हशी पाळणारे आहेत, गुरांचे व्यापारी आहेत, औषधांची दुकाने चालविणारे आहेत. गुरांसाठी डायक्लोफेनॅकला 2006 पासून आणि किटोप्रोफेन व असिक्लोफेनॅकला 2023 पासून बंदी आहे. मेलोक्सिकॅम हा गिधाडांसाठी निर्धोक पर्याय उपलब्ध आहे. माणसांची सुई गुरांना टोचण्याची पळवाट मात्र अजून पुरती बुजलेली नाही. 2004 पूर्वीच्या शेतकऱ्याला अजाणतेपणाची सबब होती. ही सुई आज विकणाऱ्याला आणि विकत घेणाऱ्याला ती नाही.

जानेवारी 2024 मध्ये हरियाणातील पिंजोर केंद्रात वाढविलेली दहा पांढऱ्या पाठीची गिधाडे ताडोबातील बोटेझरीला आणली गेली. पुढे ती मोकळी सोडण्यात आली. काही दगावली. एक तर उडत उडत तमिळनाडूपर्यंत गेले. त्या वाटेत ते कोणकोणत्या गावाबाहेर, कोणाच्या मेलेल्या बैलावर उतरले असेल आणि त्या बैलाला शेवटच्या आठवड्यात कोणती सुई दिली गेली असेल, हे फक्त त्या बैलाच्या धन्याला ठाऊक.