लय कोणाची?

कोजागिरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत आमच्या गावातल्या विठ्ठल मंदिरात काकड आरती चालते. पहाटे साडेचारला घंटा होते आणि पाचच्या सुमारास टाळ सुरू होतात. हा नेम माझ्या आठवणीत कधी मोडला नव्हता. २०२० च्या मार्चमध्ये देवळे बंद झाली आणि भजनही बंद पडले. पुन्हा दारे उघडली तेव्हा भजनी मंडळातली काही माणसे राहिली नव्हती, आणि जी राहिली त्यांतल्या काहींचा दम राहिला नव्हता. २०२२ च्या काकड्याला मी गेलो, तेव्हा समोर पाच वृद्ध उभे होते. एकाने अभंग उचलायचा, उरलेल्यांनी ध्रुपद धरायचे, आणि धरता धरता कोणाला तरी खोकल्याची उबळ यायची.

त्या दिवाळीच्या सुट्टीनंतर मंडळाचे प्रमुख शाळेत आले. चहाही न घेता म्हणाले, "सर, धा-बारा पोरं द्या. टाळ हाईत, धरायला हात न्हाईत."

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलचा मी मुख्याध्यापक. मुले 'द्यावीत' ही भाषा मला खटकली, पण मागणी खटकली नाही. आठवी-नववीतली चौदा मुले-मुली तयार झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ओसरीवर सतरंजी पडू लागली. एका बाजूला मुले, दुसऱ्या बाजूला सहा वृद्ध आणि मध्ये शाळेची जुनी पेटी. तिथे जे घडले, त्यातून माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. तो केवळ संगीताचा नाही, म्हणून या दिवाळी अंकाच्या वाचकांपुढे मांडतो आहे.

अशा उपक्रमाचे आपण दोन प्रकारे कौतुक करतो. कोणी म्हणते, मुलांवर संस्कार होतात. कोणी म्हणते, म्हाताऱ्या माणसांचा वेळ बरा जातो. पहिल्या कौतुकात वृद्ध हे मुले घडवण्याचे साधन होतात, आणि दुसऱ्यात मुले ही वृद्धांची करमणूक होते. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कांटने सांगितले आहे. एम. ए. ला असताना ते वाक्य मी परीक्षेपुरते पाठ केले होते. त्याचा अर्थ कळायला शनिवारची ती ओसरी लागली.

पहिले दोन महिने भांडणाचेच गेले. वृद्धांची पट्टी मुलांच्या गळ्याला सोसेना, आणि मुलांच्या पट्टीत वृद्धांचा आवाज फाटे. पण पट्टीपेक्षाही अवघड होती ती लय. मुलांची लय धावते. एकदा टाळ वाजू लागला की शाळा सुटल्यासारखा पळतो. वृद्धांची लय बसते. दोन ओळींच्या मध्ये त्यांना श्वास घ्यायचा असतो, आणि तो श्वास पूर्ण होईपर्यंत मुले पुढच्या ओळीवर पोचलेली असतात. "हे लई हळू म्हणत्यात," ही एका बाजूची तक्रार, आणि "ह्यांस्नी कुठं गाडी धरायची हाय?" ही दुसऱ्या बाजूची.

या भांडणात मृदंगावर बसलेले आज्जा कोणाच्याच बाजूचे नव्हते. वयाची सत्तरी ओलांडलेले, आयुष्य वीटभट्टीवर गेलेले, आणि घरची भाषा कानडी. मुले त्यांना 'आज्जा' म्हणत, कारण आपल्या या भागात मराठी घरातला आज्जा आणि कानडी घरातला अज्ज यांत फरक राहिलेलाच नाही. त्यांना मराठी वाचता येत नाही, पण शे-दीडशे अभंग तोंडपाठ. भजन मराठीतून चालायचे आणि ते संपले की आज्जा पुरंदरदासांचे एखादे पद म्हणायचे. आमच्या मुलांना कानडी शाळेच्या पुस्तकातून माहीत असते, ते बहुधा गुणांसाठी. विठ्ठलासाठीही कानडी असते हे त्यांना तिथे कळले. यात नवल काहीच नाही. पुरंदरदासांच्या पदाच्या शेवटी 'पुरंदर विठ्ठल' ही मुद्रा येते, आणि ज्ञानदेवांनी पंढरीच्या विठोबाला कानडा म्हटले आहे. गदगकडच्या भीमसेन जोशींनी एकाच गळ्यातून मराठीत संतवाणी आणि कानडीत दासवाणी गायिली. माउलींच्या पालखीपुढे चालणारे अश्व आजही आपल्याच जिल्ह्यातून, चिकोडी तालुक्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून जातात. १९५६ साली राज्ये वेगळी झाली. त्याचे दुःख आणि त्याचे वाद आपण सगळे जाणतो. विठ्ठलाची वाटणी मात्र कोणाला करता आली नाही.

मृदंगाची एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या उजव्या तोंडावर कायमची शाई असते. डाव्या तोंडावर मात्र दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे तो खोल घुमतो. वाजवून झाले की कणीक खरवडून काढायची. आज्जा घरूनच कणीक मळून, ओल्या फडक्यात गुंडाळून आणत. थोडी थापत, थाप मारून ऐकत, पुन्हा चिमूटभर काढत. मुले भोवती कोंडाळे करून बघत. नववीतल्या एका मुलाने तर हे काम आपल्याकडे मागून घेतले, आणि हळूहळू त्याचा हात मृदंगावरही पडू लागला.

२०२४ च्या सुरुवातीला एक भजन स्पर्धा जाहीर झाली. प्रत्येक संघाला बारा मिनिटे, त्यावर घंटा. मुलांनी हट्ट धरला आणि मलाही मोह झाला. सराव सुरू झाला तशी एक गोष्ट उघडी पडली, जी शनिवारच्या ओसरीवर कोणाच्या डोळ्यांवर आली नव्हती. आज्जांचा डावा हात थरथरत होता. थाप कधी उशिरा पडे, कधी पडतच नसे. बारा मिनिटांचे भजन चौदा मिनिटांवर जाई.

मी शहरातून एक तरुण मृदंगवादक बोलावला आणि आज्जांच्या घरी जाऊन म्हणालो, "आज्जा, रात्रीचा प्रवास आहे, थंडी आहे. तुम्हाला उगीच त्रास नको." ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग "बरं, मास्तर," एवढेच म्हणाले. घरी परतताना आपण एका वृद्धाची काळजी घेतली, असे समाधान मला वाटत होते, हे आज लिहिताना लाज वाटते.

स्पर्धेला जाताना गाडीत आठवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, आज्जा का येत न्हाईत?" मी थंडीचे कारण सांगितले. ती म्हणाली, "तसं ते म्हनाले काय? तुम्ही इचारलासा काय त्यांस्नी?" मी खिडकीबाहेर बघू लागलो. मुख्याध्यापकाला ही सोय असते. त्याने उत्तर दिले नाही तरी पुन्हा कोणी विचारत नाही.

आमचा दुसरा क्रमांक आला. मुले नाचली. पुढच्या शनिवारी आज्जा नेहमीसारखे आले. हातात ओल्या फडक्याची पुरचुंडी होती. पण सतरंजीवर न बसता ते ओसरीच्या कडेला उभे राहिले आणि मला म्हणाले, "मास्तर, आज कोण वाजवणार?" त्यांच्या स्वरात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपे गेले असते. आजवर त्यांनी हा प्रश्न कधी विचारला नव्हता, कारण तो विचारायची गरज त्यांना कोणी भासवली नव्हती. आपल्याच जागेवर बसायला आता त्यांना परवानगी हवी होती.

तेव्हापासून मी स्वतःला विचारत आलो आहे, की माझे नेमके काय चुकले?

थरथरता हात स्पर्धेत चालत नाही, हे काही खोटे नव्हते. भजन चांगले व्हावे ही इच्छाही वाईट नाही. बेसूर आणि बेताल चालवून घ्यावे, भाव असला म्हणजे झाले, हे मला पटत नाही. ज्याला आपण देवापुढे ठेवतो ते नीटनेटके असावे, हे आज्जाही मानतात. नाहीतर चिमूटभर कणकेसाठी त्यांनी एवढा वेळ घालवला नसता. शिवाय मुलांनी तीन महिने घाम गाळला होता. त्यांच्या कष्टांचेही काही देणे होतेच.

मग चूक कुठे? मला वाटते, आज्जांना वगळण्यापेक्षा मी ते ज्या रीतीने केले, तिच्यात चूक होती. मी त्यांच्या वतीने ठरवले आणि त्या ठरवण्याला दयेचे कापड गुंडाळले. "तुमचा हात मागे पडतो आहे, काय करू या?" असे मी विचारले असते, तर ते दुखावले असते कदाचित, पण निर्णयात त्यांचा वाटा राहिला असता. 'त्रास नको' म्हटल्यामुळे त्यांना दुखावण्याचा हक्कही उरला नाही. काळजी घेणाऱ्याशी भांडणार कसे? आपल्या घरांतून म्हाताऱ्या माणसांचे असे कितीतरी निर्णय आपण काळजीच्या नावाने घेतो. शेताच्या चाव्या घेतो, स्वयंपाकघर घेतो, लग्नाच्या याद्या घेतो. प्रत्येक वेळी म्हणतो, "तुम्ही बसा, आराम करा." पण बसायचे कुठे, हे तेवढे आपणच ठरवतो.

वारकरी भजनाची जुनी मांडणी या बाबतीत माझ्याहून शहाणी आहे. ज्याला अभंग येतो त्याने तो उचलावा, ज्याला येत नाही त्याने ध्रुपद धरावे, ज्याचा गळा गेला त्याने टाळ धरावा. सप्ताहात वीणा खाली टेकवायची नसते. पहारा लावून ती एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, आणि पहाऱ्याला उभ्या राहणाऱ्याची कोणी परीक्षा घेत नाही. गाणाऱ्यांत सरस-निरस असतातच, पण निरसालाही जागा असते आणि ती उपकाराची नसते. व्यासपीठावर हे जमत नाही, कारण तिथे घंटा असते. व्यासपीठ वाईट म्हणून मी सांगत नाही. पण ओसरीवरची माणसे व्यासपीठावर नेताना आपण कोणता नियम सोबत नेतो आणि कोणता मागे ठेवतो, एवढे तरी बघावे.

मी आज्जांची क्षमा मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे, मास्तर. मलाबी ठाऊक हाय हात गेलाय ते." मला एक उपाय सुचला म्हणून मी त्यांच्यापुढे वीणा केली. ते हसून म्हणाले, "वीणा धरण्याइतका अजून म्हातारा झालो न्हाई." पुन्हा मीच ठरवायला निघालो होतो! मग त्यांनीच तोडगा काढला. सुरुवातीचे रूपाचे अभंग संथ लयीत असतात, ते त्यांनी वाजवायचे. शेवटचा गजर चढत्या लयीत असतो, तो नववीतल्या मुलाने. मृदंग कधी सरकवायचा, हे आज्जा ठरवणार. काही शनिवारी ते लवकर सरकवतात. हात बरा असला तर जवळजवळ शेवटपर्यंत ठेवतात आणि मुलगा मांडीवर बोटे वाजवत वाट बघतो. ती वाट बघणे हाही त्याच्या शिक्षणाचा भाग आहे, असे मी मानतो. आणि जमलेली लय अर्ध्यावर दुसऱ्याच्या हाती देणे, हे सत्तरीनंतरचे शिक्षण असावे.

हे सारे सुखान्त नाही. पुढच्या वर्षी आम्ही आज्जांना घेऊन स्पर्धेला गेलो आणि आम्हाला क्रमांक मिळाला नाही. परतताना एक मुलगा म्हणाला, "सर, आमचाबी कष्ट हाय की." त्याचे म्हणणे खरे होते. मी त्याला म्हटले, की मागच्या वर्षी आज्जांचेही कष्ट होते. ते ऐकून तो गप्प बसला, पण त्याचे समाधान झाले असे मला वाटले नाही. माझेही पूर्ण झालेले नाही. दोघांच्या कष्टांचे माप एका तराजूत कसे घालावे, हे मला अजून कळलेले नाही. इतके मात्र कळले आहे, की ते माप एकट्याने आणि पाठीमागे घालू नये.

सोबत गाताना लय कोणाची, या प्रश्नाला मी पूर्वी सरळ उत्तर दिले असते: ज्याची बरोबर त्याची. आता म्हणतो, ज्याचा श्वास सर्वांत आखूड, त्याला मधल्या जागेत श्वास घेता येईल एवढी लय सर्वांची. कधी तो आखूड श्वास वृद्धाचा असतो. कधी नव्याने टाळ धरलेल्या पाचवीतल्या पोराचा असतो, आणि तेव्हा वृद्ध त्याच्यासाठी थांबतात. त्यांना थांबताना मी पाहिले आहे. थांबल्याचे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही.

यंदाच्या काकड्याला समोर वीस-बावीस माणसे असतात. पहाटे मी पोचतो तेव्हा तो मुलगा — तो आता कॉलेजात जातो — मृदंगाच्या डाव्या तोंडावर कणीक थापत असतो. थापून झाली की तो हात पुसतो, मृदंग आज्जांपुढे सरकवतो आणि विचारतो, "आज्जा, आज कुठपर्यंत?"

आज्जा एक थाप मारून ऐकतात आणि चिमूटभर कणीक काढून टाकतात. उत्तर ते वाजवताना देतात.